वीणेचा पहारा

ता. ४ फेब्रुवारी १९६१
सप्त्याचा तिसरा दिवस. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. इथे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत पहारेही प्लांटच्या शिफ्टा पाहून लावलेले. आज एक जण वीणा गळ्यात घेऊन शेजाऱ्याला विचारत होता, स्कूटरचा नंबर कधी लागेल. टोकलं तर म्हणतो, "देवाचं नाव तर घेऊनच राहिलो ना बाबाजी." घरी येऊन शंकरला सांगितलं. तो म्हणे, "बाबा, तुमाले काय करा लागते?" पोरगा माझा, आणि हे उत्तर.

ता. ५
माझा पहारा दुपारी बारा ते दोन. पुढचा पहारा बोरकर फोरमनचा, आमच्या सप्ता मंडळाचे अध्यक्ष. आलेच नाहीत. काल्याला मोठा साहेब यायचा, त्याच्यासाठी खुर्च्या बघायला पावर हाउसच्या बाजारात गेले. मंडपात चिटपाखरू नाही. तीन. चार. पोटऱ्यांत गोळे, त्यात लघवीची घाई. या वयात ती थांबते काय? तोंडात नाम, मनात बोरकरांना शिव्या.
शेजारच्या क्वार्टरांच्या बांधकामावरची एक रेजा, विटा वाहणारी, पाणी प्यायला आली. माझ्याकडे पाहिलं न् म्हणाली, "ला बबा, मोला दे. तैं जा." वीणा तिच्या गळ्यात घातली न् धावलो. काय करणार?
परत आलो तर डोळे मिटून उभी. हात सिमेंटाने पांढरे. तोंडात नामही नव्हतं. मी वीणा मागितली नाही, खांबाला टेकून बसलो. किती वेळ ते माहीत नाही. कोणावर राग आठवेना. मग मुकादम ओरडला, तिने वीणा माझ्या गळ्यात घातली आणि गेली.
बोरकर पाचला उगवले.

ता. ६
बोरकरांनी लाउडस्पीकरवर सांगितलं, बाबाजींनी पाच तास एकट्याने वीणा सांभाळली. काल्याला साहेबाच्या हातून शाल. माणसं वळून पाहू लागली. मी गप्प. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. सूनबाई धोतराला इस्त्री करत होती. म्हणे, "मामाजी, फोटो बी निघन."
तीन दिवस दुसऱ्यांवर तोंड सोडलं. माझं काय?

ता. ७
मुकादमाला विचारून रुआबांध्याला, तिच्या वस्तीत जाऊन तिला गाठलं. फुलबाई नाव. त्या वेळी मनात काय होतं, विचारलं. हसली. "कुछू नइ बबा. मूड़ म बोझा नइ रिहिस." डोक्यावर ओझं नव्हतं, एवढंच. चाळीस वर्षं टाळ कुटतो आहे, मला हे...
काल्याला ये म्हटलं. म्हणाली, बसू देतील का? मी हो म्हणालो. कोणाच्या भरवशावर?

ता. ८
मंडपात बोरकरांना खरं सांगितलं. तिथेच उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "चूप राहा बाबाजी. रेजाच्या हातात वीणा गेली, सप्ता मोडला म्हणतीन लोक. साहेब येऊन राहिला उद्या."
मी म्हटलं, "तुम्ही दोनला आले असते तर?"
"म्हणून तर शाल देऊन राहिलो."
म्हणजे शाल गप्प बसण्याची. जेवलो नाही.

ता. ९
काला. शंकर मंडपाकडून आला. म्हणतो, "कोणी फुलबाई मंडपाच्या दाराशी उभी आहे, तुमाले विचारून राहिली." धुतलेलं लुगडं नेसून आली आहे म्हणे. आत ये कोणी म्हणत नाही. बोरकरांचाही निरोप, लवकर या, साहेबाच्या बाजूची खुर्ची तुमची.
धोतर नेसलो. सूनबाईची इस्त्री चांगली झाली आहे.
आधी दाराशी जातो. तिथून पुढे, तिला बसू देतील तिथेच मी बसणार.