चिमणीला ताप

बाबा,

तुम्ही फिरून यायच्या आत मी इस्पितळात भरती व्हायला निघाले आहे. जबड्याच्या ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली, तेव्हाच वाटलं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय. दोन वर्षं मी त्या लोकांच्या नावाने बोटं मोडत होते आणि तुम्ही समोर बसून "होईल गं, घाई कसली" म्हणत होतात.

काल इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईंनी नोंदींची वहीच दाखवली. तिन्ही वेळा आपल्या घरच्याच मोबाइलवरून फोन गेलाय आणि त्यांनी ऐकलं तसं लिहून घेतलंय: चिमणीला ताप आहे. मला चिमणी म्हणणारा माणूस जगात एकच आहे.

आई ऑपरेशनला गेली ती परत आली नाही, हे मीही विसरलेले नाही. पण मला घास चावता येत नाही, बाबा.

पावाच्या कडा नेहमीसारख्या कापून तुमच्यासाठी डब्यात ठेवल्यात. काही महिन्यांनी त्या मीच खाईन.

आणि घरचा मोबाइल शोधत बसू नका, तो माझ्या पिशवीत आहे. या वेळी काही सांगायचं असेल तर स्वतः या.