साखर नसलेली नळीही निळी

मंगळवार, नांदेड

आज पुन्हा तेच. लाळेत साखर असली की सोन्याचे सूक्ष्म कण एन्झाइमचं काम करतात आणि द्रावण निळं होतं. पण साखर नसलेली नळीही निळी झाली. मग हे निळं कशाचं? सर म्हणाले, "ती नळी शोधनिबंधाच्या फोटोत घेऊ नकोस." डोकंच फिरलं. मी सरळ नाही म्हणाले.

वैतागून अहमदपूरला आईला फोन केला. बोटाला सुई न टोचता साखर कळेल, असं तिला किती दिवस सांगतेय मी.

"अजून जमलं न्हाई, आई."

"राहू दे गं. आता टोचलेलं कळतच न्हाई मला. बोटं बधिर झालीत."

मला धीर द्यायला सांगत होती ती, पण साखरेने नसा बिघडल्याचीच ही खूण. उद्या प्रयोग बंद. पहिल्या एसटीने जाऊन तिला डॉक्टरकडे न्यायचं.