ह्यांचा वाढदिवस

किन्हवली, रविवार, १४ जून २००९

हे गेल्यापासून बंद असलेला कॉम्प्युटर आज दिनेशभावजींनी इंटरनेटवरच्या खात्याला जोडला. आता फोन नंबर आणि कॅलेंडर इथे आणि त्यांच्या मुरबाडच्या घरी एकच दिसणार. जोडताना त्यांनी ह्यांचा वाढदिवस खोडला आणि गेल्याची तारीख घातली, दरवर्षीसाठी.

"गेलेल्या मानसाचा वाढदिवस कोन ठेवतं, वयनी? केक कापनार काय?"

पण श्राद्ध तिथीने करतात, तारखेने नाही, एवढंही कळू नये? आणि वाढदिवस का खोडायचा? हे जन्मलेच नव्हते का?

भावजी गेल्यावर मी ती तारीख काढून टाकली. वाढदिवस पुन्हा लिहिला, दरवर्षीसाठीच. मुरबाडलाही दिसेल. दिसू दे.