डोळा लवतोय

मंगळवार, दिवे लागताना. पोखर्णी.

परभणीला न्यायला गाडी येतेय, तोवर लिहितेय. नुसतं बसवत नाही.

आबांचा डोळा लवतोय. कपाशीवर फवारून उरलेलं औषध त्यांनी दुपारी गोचिडं मरावीत म्हणून मेंढ्यांना उघड्या हातांनी चोळलं. आता घाम थांबत नाही, तोंडाला लाळ सुटलीय, बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. वर म्हणतात, "उजवा डोळा लवायलाय, चांगलंच हाय की."

चांगलं कसलं? कालच अकरावीला शिकवलं मी. मज्जातंतूतून विजेचा संदेश येतो, टोकाशी रसायन सुटतं, ते फट ओलांडून स्नायूला हलवतं आणि लगेच पुसलं जातं. हे औषध ते पुसणंच बंद पाडतं. मग स्नायूला तोच निरोप मिळत राहतो, थकून तो गप्प होईपर्यंत. आणि श्वास घेणाराही स्नायूच. फळ्यापुढे हे किती सहज बोलून गेले होते.

आंघोळ घातली, कपडे बदलले. बाटली डॉक्टरांना दाखवायला घेतलीय. डोळा अजून लवतोच आहे.

गाडी आली. आई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुझा बी डावा लवायलाय बाई. बायकांचा डावाच चांगला."

दुपारी मेंढ्या मीच धरल्या होत्या.