दोन घुमटांचं चर्च

८ सप्टेंबर, रविवार

काल सकाळी पाचला उठलो. चारही चाकांची हवा पाहिली, काच पुसली, डिकीत बारा बरण्या लावल्या – सहा भाजलेल्या मिरच्यांच्या, सहा आलूबुखाराच्या मुरांब्याच्या – आणि खडखडू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्रं कोंबली. आरशाला टांगलेली चर्चमधली तुळशीची काडी वाळली होती, ती बदलली. सात वाजता बायकोला, वेतुरियाला, शेजारी बसवून निघालो. एकेक बरणी आठवते. म्हणूनच भीती वाटते. कारण पुढचं आठवत नाही.

तिमिश्वाराला, आमच्या मुलीकडे, इलिंकाकडे. दोनशे सत्तर किलोमीटर. पोरीला नववा महिना, जावई जर्मनीत बांधकामावर. दर शनिवारी जाऊन त्याच दिवशी परत.

गाडी साधीच, पाच दारांची, निळी, नऊ वर्षांची. गावात ती कशी आहे ते कळत नाही, हायवेवर कळतं. शंभरपर्यंत गोड चालते. एकशे दहाला माझ्या बाजूच्या, डाव्या दारात बारीक गुणगुण सुरू होते. एकशे वीसला ती गुणगुण माझ्या दातांत येते. चढावर पाचव्या गिअरमध्ये दम टाकते, चौथ्यात घेतली की बैलासारखी मान घालून चढते. ट्रक ओलांडताना आधी त्याच्याकडे ओढली जाते, आणि त्याच्या पुढे गेलं की वारा थप्पड मारतो – तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. हे सगळं ठीक. वाईट असते ती सपाटी. तिथं माणसाला काहीच करावं लागत नाही!

मुरेश नदीवरचा पूल आठवतो. नंतर पेट्रोल पंपाची पिवळी पाटी आठवते. मधले अकरा किलोमीटर नाहीत. त्या अकरा किलोमीटरांत डाव्या हाताला टेकडीवर पत्र्याच्या दोन घुमटांचं चर्च आहे. चर्च दिसलं की मी उजवा हात स्टिअरिंगवरून काढून क्रूसाची खूण करतो, वेतुरियाही करते. आमच्याकडे सगळेच करतात. काल तिनं केली. मी नाही.

पिवळ्या पाटीपाशी ती म्हणाली, "चर्चला हात नाही काढलास." मग पंपावर उतरल्यावर हळूच – "ग्लिगोर, देवावर रागावलायस ना? इलिंकाचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून."

डोळे उघडे ठेवून मी झोपलो होतो. एकशे दहाच्या वेगानं. ती शेजारी.

मी म्हणालो, "हो."

९ सप्टेंबर

हो म्हणालो. देवानंही ऐकलंच असेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लाकडाच्या कारखान्यातून दुपारी लवकर सुटलो. करवतीपाशी डुलकी येते हे मुकादमाच्याही लक्षात आलंय. सिबियूला दवाखान्यात गेलो. परवा त्यांनी एक यंत्र दिलं होतं, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, रात्रभर लावून झोपायचं. वेतुरियाला सांगितलं, रक्तदाबाचं आहे. ती म्हणाली, "त्या यंत्राला कान असतील तर बिचारं बहिरं होईल." माझ्या घोरण्यावर आमच्या घरात पंचवीस वर्षं हसतात. मीही हसतो.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "झोपेत तुमचा श्वास थांबतो. तासाला एक्केचाळीस वेळा. रात्रभर तुम्ही झोपतच नाही, म्हणून दिवसा झोपता. नाकाला लावायचं यंत्र मिळेल, पण यादी आहे. नाताळ उजाडेल."

"तोवर?"

"तोवर गाडी चालवायची नाही. मोठ्या रस्त्यावर तर नाहीच. तुम्ही चालवत नाही ना?"

"क्वचित," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहूनही दिलं. कागद डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवलाय. आणि त्याच गाडीनं घरी आलो.

१४ सप्टेंबर. पवित्र क्रूसाचा सण.

उपास. म्हणून आज तिमिश्वाराला जाणं नाही. बरं वाटलं – आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

दुपारी फादर अवराम आले. वेतुरियानं बोलावलेले, उघडच होतं. तिनं बिनदुधाची कॉफी ठेवली आणि कोंबड्यांकडे काम काढून बाहेर गेली. आमच्या कोंबड्यांना इतकं काम कधीच नसतं.

"ऐकलं, तू वरच्याशी अबोला धरलायस."

मी कपातली साखर ढवळली.

"धर. मीही धरतो कधी कधी. तीन दिवसांच्या वर टिकत नाही, त्याच्याइतकं गप्प राहायला आपल्याला जमत नाही." मग खिडकीतून गाडीकडे पाहून – "चूक माझीच. गाडी घेतलीस तेव्हा चार चाकांवर पवित्र पाणी शिंपडलं, चालवणाऱ्यावर शिंपडायचं राहिलं!"

ते मोठ्यानं हसले. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की ते म्हणणार, किल्ली ठेव. मग इलिंकाकडे कोण जाणार? वेतुरियाकडे परवाना आहे. लग्नाआधी ती दूधसंकलनाची गाडी चालवायची, बर्फातसुद्धा. पण सहा वर्षांपूर्वी तिनं आमची गाडी फाटकाला घासली. डावा आरसा आणि डावं दार. शेजारपाजार जमलेला होता, आणि मी म्हणालो, "दुधाच्या डब्यांना ओरखडे दिसत नाहीत, नाही का?" सगळे हसले. त्या दिवसापासून तिनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ओरखडा अजून आहे.

फादर उठताना म्हणाले, "काही असलं तर ये." बाहेर जाऊन वेतुरियाला काहीतरी कुजबुजले. तिनं एप्रनला नाक पुसलं.

१७ सप्टेंबर

मुलगी! तीन किलो दोनशे. दोघी सुखरूप. प्रभू, तुझे उपकार. मी तुझ्याबद्दल खोटं बोललो तरी.

२१ सप्टेंबर, शनिवार

बाळ पाहून आलो. हाताचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. नखाएवढ्या पंजालाही नखं असतात!

जाताना सूर्यफुलाच्या बिया खात राहिलो, दाताखाली काही असलं की झोप येत नाही. काच चार बोटं खाली. वेतुरियाला म्हटलं, स्तोत्र म्हणूया. तिला वाटलं माझा राग उतरतोय. इतक्या आनंदानं म्हणाली की मला तिच्याकडे पाहवेना.

परतताना ती झोपली. दुपारचे चार, ऊन मागून. गाडी शंभरवर, गुणगुणसुद्धा नाही. मग एकदम खालून खरखर – रस्त्याच्या कडेची ती दातेरी पट्टी – पायांतून, खुर्चीतून, कण्यातून वर आली. आरशातली तुळस गोल फिरत होती. उजवीकडे लोखंडी कठडा, हात लांब केला तर लागेल इतका. वेतुरियाच्या बाजूला.

"काय रे!"

"कोल्हा आडवा आला."

"दिवसाढवळ्या?"

"म्हातारा होता," मी म्हणालो.

ती हसली आणि पुन्हा झोपली.

२८ सप्टेंबर

गेलो. आलो. दोघं जिवंत.

५ ऑक्टोबर, शनिवार

धुकं. धुक्यात उलट जाग राहते, डोळे फाडून बघावं लागतं. भीती असली की मी चांगला चालक असतो. पण ऊन पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि पापण्यांवर कुणीतरी ओला गोणपाट टाकावा तसं झालं. थांबलो. म्हटलं, इंजिन तापलंय. वेतुरिया बाकावर बसून भाकरी खात होती, मी बॉनेट उघडून, त्याला टेकून, उभ्यानं झोपलो.

संध्याकाळी तिनंच निस्तोरला आणलं. शेजारी राहतो, गॅरेज आहे त्याचं. त्यानं पाणी पाहिलं, पंखा पाहिला, कान लावून ऐकलं, आणि चिंधीला हात पुसत म्हणाला, "काका, गाडी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे."

वेतुरिया खो खो हसली. मी त्या निळ्या टपावर हात ठेवला. गाडीवरही आळ घेतला होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

इलिंकाचा फोन. चाळीस दिवस सव्वीसला भरतात. त्याच दिवशी बाळाला घेऊन इकडे येणार, रविवारी फादर अवराम आई-बाळावर प्रार्थना म्हणतील.

मी म्हटलं, "आगगाडीनं आलीस तर? आरामशीर."

"बाबा! तान्ह्याला घेऊन, गाड्या बदलत? तुम्ही येणार ना घ्यायला? ह्यांचा मित्र म्हणत होता मी सोडतो, मी नाही म्हटलं. तो एकशे साठनं मारतो. तुमच्यासारखं जपून कोण चालवतं?"

फोन ठेवल्यावर अंगणात उभा राहिलो.

१८ ऑक्टोबर

बाळाची खुर्ची बसवली. मागे, वेतुरियाच्या सीटच्या मागे, तोंड मागच्या काचेकडे. पट्टा तीनदा ओढून पाहिला, गुडघ्यानं दाबून पाहिली. सुताराचं काम, हलत नाही. मग पुढे जाऊन बसलो आणि आरशात पाहिलं. रिकामी खुर्ची.

ती खुर्ची मी कितीही घट्ट बांधली तरी ती माझ्याच मागून येणार आहे, मी जाईन तिकडे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रत्येक चर्चला हात काढला. दूर कुठे शेताच्या टोकाला मनोरा दिसला तरी. दोन घुमटांपाशी तर आधीच, वळण येण्यापूर्वीच तयार होतो. वेतुरियाचे डोळे भरले. "पावला देव," म्हणाली, "समेट झाला तुमचा."

समेट! पहारेकरी दर तासाला घंटा मारतो, मी जागा आहे हे कळावं म्हणून, तशी मी खूण करत होतो. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा – जागा आहे, जागा आहे. प्रार्थनेचा एक शब्द नव्हता त्यात. हिच्यासाठी मी देवाशी भांडण लावलं, आणि आता त्याच्याशी गोडही हिच्याचसाठी होतोय. खरं एकदाही बोललो नाही. ना त्याच्याशी, ना हिच्याशी.

आणि एवढं करूनही येताना दोन किलोमीटर गेलेच. कुठले ते माहीत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

ती अंगणात कोबी चिरत होती, हिवाळ्याच्या पिंपासाठी. मी स्टेपनीखालचा कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. हात ओले होते, म्हणून तिनं घेतला नाही, वाकून वाचला. दोनदा वाचला.

"एक्केचाळीस?"

"तासाला."

"तारीख तेरा सप्टेंबर आहे."

"हो."

"आणि दोन घुमटांचं चर्च?"

"दिसलंच नाही मला. झोपलो होतो."

सुरी ठेवली तिनं. "आणि मी फादरना बोलावलं! सहा आठवडे रोज मेणबत्ती लावते मी, तुझ्या रागासाठी! देवाला पुढे केलंस तू, ग्लिगोर, स्वतःची झोप लपवायला. तो कोल्हा?"

"कोल्हा नव्हता."

"इंजिन?"

"निस्तोर म्हणाला तेच खरं."

तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "मी शेजारी बसले होते रे. मी झोपत होते, तू आहेस म्हणून."

मी खिशातून किल्ली काढून कोबीच्या पाटावर ठेवली. म्हटलं, "तू चालव."

"मी? फाटक घासणारी?"

मग जे सहा वर्षं सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "फाटक मी अरुंद केलंय. माप चुकलं. वीतभर कमी पडलं, लाकूड कापल्यावर कळलं. मी रोज आरसे मिटून बाहेर काढतो गाडी. तुला सांगितलं असतं तर तूही मिटले असतेस."

तिनं फाटकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कोबीची टोपली उचलून आत गेली. किल्ली पाटावरच.

२५ ऑक्टोबर

सकाळी फाटकाची दोन्ही दारं उतरवली, डावा खांब उपटला. दुपारी कारखान्यातून आलो तर गाडी जागेवर नव्हती. निस्तोर म्हणाला, "काकू दोनदा सिबियूपर्यंत जाऊन आल्या. पहिल्यांदा इतक्या हळू की माझा कुत्रा पुढे गेला. दुसऱ्यांदा नाही गाठता आलं त्याला."

किल्ली पाटावर नाही. तिच्या एप्रनच्या खिशात आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार. चाळिसावा दिवस.

किल्ली मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गाडीत उजवीकडे, तिच्या जागी बसलो. येताना मागे इलिंका, शेजारी बाळ. वेतुरिया एकशे दहावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. इकडून दारातली गुणगुण ऐकूच येत नाही. टेकडीवर दोन घुमट दिसले. तिनं हात काढला नाही.

"दोघांचं कर," म्हणाली.

केलं. यावेळी शब्दांसकट.

"आता झोप. हवं तितकं घोर, पोरीला सवय होऊ दे."

झोपलो.