वेणी उत्तम घालतो

गुरुवार, १५ जानेवारी २०२६. दौंड

सगळं फिरलं ते आज दुपारी, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, डब्याचं झाकण उघडता उघडता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आमच्या शाळेतल्या दबोराबाईंचा मेसेज – "आपली जस्मिन! नर्सिंग पूर्ण, जर्मन भाषेची परीक्षा पास, तिकडच्या हॉस्पिटलात निवड. आणि दुसरा आनंद – लग्नही ठरलं! मुलगा डॅनी, तिकडेच नोकरीला."

खाली टाळ्या, केक, फुगे. प्रगतीनं – ती सीए झाली – ओळभर फुगे टाकले.

डबा तसाच बंद केला. बाहेर येऊन ड्रमला लाथ घातली. ड्रम भरलेला होता! अंगठा सुजलाय.

बाईंचा एक मेसेज फक्त मला – "ब्लेसन, २६ तारखेला मेळावा. तुझीच बातमी राहिलीय. दोन ओळी पाठव बाळा."

काय पाठवू? बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं. कुरकुंभला कंत्राटी. ड्रम लोटतो!

शुक्रवार, १६ जानेवारी

जस्मिनला फोन केला नाही. नाताळात मीच ओरडलो होतो – "जा! जा जर्मनीला, कोण अडवतंय!" ती मुलगी सगळं खरं धरते.

रविवार, १८ जानेवारी. शिरूर

पहिली सूचना.

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. आन् वाचताना मोठं दार सताड उघडं ठेवायचं – मिशनच्या साहेबांच्या काळापासून. म्हंजी जो आत आला नाही त्यालाही बोलता यावं. तिसऱ्यांदा वाचून झालं की दार लावतात. संपलं. मग फक्त लग्न.

घंटा, झाडलोट, दार, सगळं पप्पांकडं. त्यांनी दगड लावून दार अडवलं तेव्हा मी चिंचेखाली उभा होतो. पाळकसाहेबांचा आवाज बाहेरपर्यंत आला. तिचं नाव. मग त्याचं. मग "कोणाची हरकत असल्यास..." आणि शांतता. रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गाणी लावून गेली. माझं तोंड उघडलंच नाही.

पप्पा बाहेर आले. "आत का न्हाई आलास?"

"चप्पल तुटलीय."

पायात बूट होते. त्यांनी बुटांकडं बघितलं.

तिसऱ्या रविवारी बोलणार. सगळ्यांसमोर. ठरलं!

बुधवार, २१ जानेवारी. दौंड

शंभूला सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच. हा खुटबावचा, धनगराचा, शाळेत माझ्याच बाकावर. आता पोलीस भरतीत लागलाय. त्याच्या बातमीवर ग्रुपमध्ये नुसता धिंगाणा.

"हरकत घेणार म्हंजी बोलणार काय?"

"ती माझी हाय."

"सातबाऱ्यावर नाव लागलंय का तुझं?"

उशी फेकून मारली. त्यानं ती नीट डोक्याखाली घेतली. म्हणाला, "तिला इचारलंस का, भावा?"

विचारायचं काय त्यात!

रविवार, २५ जानेवारी

दुसरी सूचना. मुद्दाम ड्यूटी लावून घेतली. दिवसभर केमिकलच्या वासात. डोळे झोंबले तर झोंबले, कुणी विचारत नाही.

सोमवार, २६ जानेवारी. शिरूर

झेंडावंदन झालं आन् सगळे हॉलमध्ये. दबोराबाई माईकवर एकेकाची बातमी वाचतात, ज्याची वाचली त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या. शाळेपासूनची रीत. प्रगती उभी राहिली. शंभू उभा राहिला, आन् बाईंना कडक सॅल्यूट ठोकला. "बस रे हवालदार!" कुणीतरी ओरडलं. हशा.

जस्मिन उभी राहिली. निळा ड्रेस. लांब वेणी. मी खिडकीबाहेर बघितलं.

मी काहीच पाठवलं नव्हतं. म्हणून मागं भिंतीला टेकून उभा, सटकायच्या बेतात. तेवढ्यात –

"ब्लेसन बन्यामीन साळवे."

बाई चष्मा वर करून वाचायला लागल्या. "कॉलेज सरांशी भांडण झालं म्हणून सोडलं, असं तो सगळ्यांना सांगतो. भांडण खरं आहे. पण कॉलेज त्यानं आईला अर्धांगवायू झाला म्हणून सोडलं. ती जाईपर्यंत तिला भरवलं, न्हाऊ घातलं. वेणी उत्तम घालतो."

हॉल हसला. मग हसू अर्धवट राहिलं. मग टाळ्या. शंभू तर बाकावर हात आपटत होता.

माझे कान पेटले! बाईंना हे कुणी सांगितलं होतं?

कुणी ते मला लगेच कळलं. वेणी मला शिकवली कुणी? जस्मिननंच. आईच्या उशाशी बसून, तीन पेड माझ्या हातात देऊन – "हळू रे! दावं वळतोस का?" आई तोंडाच्या एका बाजूनं हसायची. शेवटची वेणी मी घातली. शवपेटीत ठेवायच्या आधी.

हातपंपाजवळ तिला गाठलं.

"दया करतेस व्हय माझ्यावर?"

"न्हाई. तुझी खरी बातमी मलाच ठाऊक व्हती. जायच्या आधी दिली."

"नको जाऊ."

तिनं वेणी पुढं ओढून घेतली.

"मी हरकत घेणार हाय. रविवारी."

मला वाटलं चिडेल. ती हातपंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "तू उभा राहून बोललास तर मी थांबेन, ब्लेसन. मला म्हाईत हाय. त्याचंच भ्या वाटतं. थांबेन, आन् मग आयुष्यभर भाकरी थापताना तुझ्यावर राग काढीन."

"डॅनी आवडतो का?"

"त्याला अजून नीट वळखत पण न्हाई. पण डोळे मिटले की तिकडच्या वॉर्डात मी उभी हाय, एवढं दिसतं. इथलं काय दिसत न्हाई मला."

मी हातपंपावर बुक्की मारली. बोटं सोलली. तिनं रुमाल काढून बांधला, भराभर, गाठ घट्ट. माझ्या तोंडाकडं न बघता. नर्सच झालीय ती.

मंगळवार, २७ जानेवारी. दौंड

रुमाल धुतला नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

थांबेन म्हणाली! थांबेन! म्हंजी माझ्या एका शब्दावर आहे सगळं. शंभूला सांगितलं. तो नव्या बुटांना पॉलिश करत होता.

"मग झालं की. जिंकलास."

वर बघितलं नाही त्यानं. मी जेवलो नाही. तोही नाही.

शनिवार, ३१ जानेवारी. शिरूर

पप्पा म्हणाले, "गुडघा धरलाय. उद्या दाराचं तू बघ." आणि संध्याकाळी तुरुतुरु चालत दूध आणायला गेले!

बाईंनी ग्रुपवर मेळाव्याचे फोटो टाकले. एकात जस्मिन उभी राहतेय – बातमी वाचली तेव्हाची. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. तोंड असं उजळलेलं तिचं. माझ्या फोनमधले आमचे सगळे फोटो काढून बघितले. शाळेतले, आईच्या खाटेजवळचे, नाताळचे. एकातही ते तोंड नाही. पुन्हा बघितले. नाही.

तरी बोलणार. माझं आहे ते मी का सोडू?

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी दाराला दगड मी लावला. शेजारच्याच बाकावर बसलो. तिसऱ्यांदा नावं वाचून झाली. पाळकसाहेब थांबले, जरा जास्तच थांबले. मी उठलो. सगळ्या माना फिरल्या. जस्मिनचीही. वेणी मुठीत घट्ट धरलेली. पप्पा फरशीकडं बघत होते. मी दगड पायानं बाजूला सारला, बाहेर पडलो, आन् दार लावून घेतलं.