वाघिणींच्या पानाचा पत्ता

प्रिय धांदल,

पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नसेल, म्हणून आधीच सांगते, मी बाई. अक्षराला हसू नकोस. जन्मभर की-बोर्ड बडवल्यावर हाताला पेन सोसत नाही, तुझं नाव लिहितानासुद्धा 'ध' कुठून सुरू करायचा याचा विचार करावा लागला. तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. ती भाजी घेताना भेटली आणि तू निवृत्त झालास, गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे सगळं तिने पिशवी हातात धरूनच सांगितलं. तू आता दुपारी झोपतोस म्हणे. यावर माझा विश्वास बसायला जरा वेळ लागेल.

मागच्या आठवड्यात आपल्या ऑफिसवरून गेले. इमारत तीच आहे, खालचा लोखंडी जिनाही तोच, पण आपल्या त्या अवाढव्य कॉम्प्युटर मशीनच्या खोलीची भिंत पाडून तिथे काच बसवलीये आणि आत व्यायामशाळा आहे. आपण जिथे धूळ जाऊ नये म्हणून चपला काढून, हळू आवाजात बोलत शिरायचो, तिथे आता लोक बूट घालून जागच्या जागी धावतात. मी बराच वेळ फुटपाथवर उभी होते. आतल्या पोरीला वाटलं, मला नाव घालायचंय. तिने दार उघडून आत बोलावलं, तेव्हा मी निघाले.

तुला ती खोली आठवते ना? आपल्याला घाम येत असला तरी चालायचं, मशीनला येता कामा नये, म्हणून सगळ्या इमारतीत थंड हवा फक्त तिथे. उन्हाळ्यात मोठे साहेबसुद्धा काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन उभे राहायचे. आणि तो भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, असा महिनाभराचा प्रोग्रॅम छातीशी धरून तू पायऱ्यांवरून पळत निघालास, आणि वरच्या पायरीवर पाय अडकून सगळी कार्डं खालपर्यंत विखुरलीस. त्या दिवसापासून तू धांदल. जिन्यात बसून ती कार्डं पुन्हा क्रमाने लावून दिली ती आपल्या स्वल्पविरामने. तेव्हा त्याचं-माझं बोलणंसुद्धा फारसं नव्हतं, पण एकेक कार्ड उजेडाकडे धरून भोकं वाचणारा तो माणूस मला तेव्हाच आवडला होता, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मी आपली बाईच राहिले. विभागात दुसरी बाई नव्हती, त्यामुळे नाव शोधायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

त्याला स्वल्पविराम हे नाव कशावरून पडलं, ते तर तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे आमच्या शेजारच्या काकूंना ठाऊक नव्हतं. वाघिणी कुठे आहेत हे शोधायचं काम करते, असं मी सांगितल्यावर त्या बराच काळ मला प्राणिसंग्रहालयात नोकरीला समजत होत्या. आणि मग आपल्या प्रोग्रॅमने साखरेची एक वाघीण अशा स्टेशनावर उभी दाखवली, जे स्टेशन कुठल्याही नकाशात नव्हतं. साहेब लालबुंद. तू शपथा घेत होतास, की तुझ्या ओळी बिनचूक आहेत. त्याने छापलेला लांबच लांब कागद जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसून बोट फिरवत फिरवत दाराशी पोचला आणि म्हणाला, इथे एक स्वल्पविराम राहिलाय. तेवढंच. चूक कोणाची, हे त्याने साहेबांना सांगितलं नाही आणि तुलाही ऐकवलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी त्याला स्वल्पच म्हणते.

नंतर टेबलावर मावणारा पहिला कॉम्प्युटर आला, हिरव्या अक्षरांचा. साहेबांनी त्याला प्लास्टिकचं आवरण शिवून घेतलं आणि खराब होईल म्हणून कोणाला हात लावू देईनात. ते जेवायला गेले की आपण तिघं एकाच खुर्चीला लटकून. काळ्या पडद्यावर तो हिरवा ठोकळा उघडमीट करत आपल्या उत्तराची वाट बघायचा. आता मशीन आपल्याला सतत काहीतरी विचारत असतं, सुचवत असतं, विकत असतं. तेव्हा ते गप्प बसून ऐकायचं. आपण सांगू तेवढंच करायचं, आणि चुकलं तर चूक आपली, हे स्पष्ट असायचं. स्वल्प तर म्हणायचा, इतका प्रामाणिक सहकारी मला दुसरा मिळाला नाही. तू त्यावर रुसला होतास.

विभाग बंद झाला, तू मोठ्या कंपनीत गेलास, आम्ही इथेच राहिलो. तो पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायला लागला, मी एका छापखान्याचा हिशेब सांभाळला. पण इंटरनेट आलं तेव्हा तुम्ही दोघं पुन्हा शाळकरी झालात. त्याने जुन्या मशीनांची साईट काढली, जुने प्रोग्रॅम एकेक ओळ हाताने टाइप करून चढवले. तू आपल्या वाघिणींवर एक पान लिहिलंस, वर आपल्या तिघांचा तो फोटो, ज्यात तू हललायस आणि माझे डोळे मिटलेत. त्याने आपल्या साईटवर 'शेजारी' नावाचं एक पान केलं. आवडलेल्या सगळ्या साईटींचे दुवे तिथे, एकाखाली एक, आणि पहिल्या ओळीत तू. पुढे फक्त 'माझा मित्र' एवढंच लिहिलेलं. तुझ्या पानावरही त्याचा दुवा होता. लोक तेव्हा असे एकमेकांकडे बोट दाखवून ठेवायचे. एका पानावरून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या घरी असं भटकत दुपार जायची.

रोज सकाळी चहा घेऊन बसायचं आणि 'शेजारी'मधला एकेक दुवा दाबून बघायचा, उघडतो की नाही, हा त्याचा नेम झाला. सुरुवातीला सगळे उघडायचे. मग एकेक जाऊ लागला. कोणी वारलं, कोणाची कंपनी बुडाली, कुठल्या कॉलेजने साईट नवी केली आणि जुनी पानं फेकून दिली. तो नवा पत्ता शोधायचा, मालकाला लिहायचा, कधी उत्तर यायचं, बहुतेकदा नाहीच. चिडायचाही. म्हणायचा, घर बदललं तर माणूस शेजाऱ्याकडे नवा पत्ता ठेवून जातो, यांना एक ओळ लिहायला काय होतं? ती यादी हळूहळू आखूड होत गेली. नवीन कोण जोडणार? दुवे देणारी पानं आता कोणी करतच नाही. तो बंद पडलेली ओळ पुसायचा आणि कप विसळायला उठायचा.

आता तू विचारशील, बाकी स्वल्प कसा आहे. तेच लिहायला बसलेय आणि केव्हाची दुसरंच लिहितेय. धांदल, त्याचं विसरणं आता नेहमीचं विसरणं राहिलेलं नाही. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग एकदा शिकवताना फळ्यासमोर उभा राहिला आणि खडू हातात धरून तसाच राहिला. पोरांनी मला फोन केला. डॉक्टरांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं, तर त्याने आधी विचारलं, काट्यांचं की आकड्यांचं? मला हसू आलं, डॉक्टरही हसल्या. मग त्याने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले, आणि त्यात काही चुकलंय असं त्याला वाटलं नाही. घरी येताना रिक्षात मी त्याचा हात धरून बसले होते आणि तो मला समजावत होता की तपासणी चांगली झाली. तुझ्या शुभेच्छांना त्याच्याकडून जी उत्तरं येतात, ती पाठवण्याआधी मी वाचून नीट करते, म्हणून तुला काही कळलं नसेल. मेल का केली नाही, तेही आता लक्षात आलं असेल. आमचा मेलचा पत्ता एकच आहे आणि तो अजून सगळं वाचतो. फोन करावा, तर या घरात एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं.

सकाळचा नेम मात्र सुटलेला नाही. माझं नाव कधीकधी त्याला सापडत नाही, पण चहाचा कप घेऊन तो खुर्चीवर बसतो आणि 'शेजारी' उघडतो. पहिली ओळ दाबतो. तुझी साईट तू नवी करून घेतल्यापासून तिथे 'पान सापडलं नाही' असं येतं. तुला दोष देत नाही. नवी साईट मी पाहिली, देखणी आहे, समुद्राचे फोटो तर फारच सुंदर. करून देणाऱ्याने जुनी पानं नेली नसतील, त्याला काय ठाऊक वाघिणी कोणत्या? पण आता स्वल्प दुसऱ्याची चूक धरत नाही. पूर्वीचं ते चिडणं गेलं. तो आपली फाईल उघडतो आणि त्या ओळीत चूक शोधायला लागतो. अक्षर न् अक्षर, अवतरणचिन्हं, टिंबं. पुसतो, तेच पुन्हा लिहितो, दाबून बघतो. जेवण गार होतं. मी हाक मारली तर मान वर न करता म्हणतो, "थांब गं, कुठेतरी माझंच चुकलंय."

मी त्याला सांगते, की चूक तुझी नाही, धांदलने पान हलवलंय. त्याला पटतं. इतकं हलकं वाटतं त्याला, की तो हसतो, जेवतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी पडद्याच्या कडेला चिठ्ठी लावली, धांदलचं पान बंद झालं आहे. ती वाचून तो रडायला लागला. त्याला वाटलं, तूच गेलास. कपाटातून बाहेरचा सदरा काढला, उलटा घातला आणि तुझ्या आईला भेटायला निघाला, ती जाऊन किती वर्षं झाली ते तुलाच माहीत. गल्लीच्या टोकावरून परत आणला. मग मी त्या ओळीत तुझा नवा पत्ता घातला. पान उघडलं, पांढऱ्या केसांचा एक माणूस समुद्राकाठी उभा. त्याने मला विचारलं, हे गृहस्थ कोण? आणि बंद करून पुन्हा चूक शोधायला लागला. शेवटी मी ती ओळच काढून टाकली. तर त्याने ती मनाने पुन्हा लिहिली, तुझा जुना पत्ता, तिरप्या रेघांसकट, एकही अक्षर न चुकता. स्वतःच्या घराचा नंबर त्याला सांगता येत नाही. इंटरनेटवर जुन्या पानांच्या नकला जिथे साठवतात, तिथे मला तुझ्या पानाची एक नक्कल मिळाली, फोटो नसलेली. तीही दाखवली. पण मजकूर वाचण्याआधी तो वरचा पत्ता वाचतो. पत्ता निराळा दिसला, की ते पान त्याच्यासाठी तुझं नसतं.

म्हणून हे पत्र. ते पान तुझ्याकडे कुठेतरी असेल, जुन्या मशीनमध्ये, एखाद्या डब्यात, नाहीतर मी नक्कल पाठवते. फोटोही आहे माझ्याकडे. ते होतं त्याच पत्त्यावर परत ठेवायला सांग. तुझ्या नव्या साईटवरून तिकडे कुठूनही वाट नसली तरी चालेल, कोणाला दिसणारही नाही. आणि हे लवकर कर, कारण डॉक्टर म्हणतात, आता पुढे वाचणं जाईल. तू ये, असं मी लिहीत नाही. तुझा जीव वर-खाली होईल, निघावंसं वाटेल, पण आलास तर तो तुला बसायला खुर्ची देईल, पाणी देईल आणि तू गेल्यावर मला विचारेल, हे गृहस्थ कोण होते. ते मला बघवणार नाही, तुला तर नाहीच. तू फक्त पान ठेव. अक्षरं ओळखू येताहेत तोवर एका सकाळी त्याने पहिली ओळ दाबावी आणि ते उघडावं. त्याचं काही चुकलं नव्हतं, एवढं त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे.

तुझीच,
बाई